कातळावरचा ‘मी’

त्या कवितेतला ‘मी’ एकटा नाही. हे मत मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना बनवलं. आज गुडघ्यांना पट्टे बांधून नाहूरच्या ह्या तिसऱ्या मजल्यावर बसलेय, तरी ते जागचं हललेलं नाही. माझी सून म्हणते, आई, मत बदलता येणं हा मोठेपणा असतो. असेल बाई. ज्यांना मोठं व्हायचंय त्यांनी बदलावीत. मी जन्मभर शाळेत मराठी शिकवलं, शेकडो पोरांना कवितेत पुरावा शोधायला लावला, आणि ज्यांनी नुसत्याच थापा मारल्या त्यांना बाकावर उभं केलं. आता म्हणे बाकावर उभं करायची सोय राहिलेली नाही. असो. कवितेच्या अर्थावरून माणसं कशी हमरीतुमरीवर येतात आणि त्यात एखाद्या मुलीचं पुढचं सगळं कसं ठरून जातं, हे ज्यांना खोटं वाटतं त्यांच्यासाठी हे लिहितेय.

तेव्हा आम्ही घाटकोपरला डोंगरावर राहायचो. डोंगर आपला नावाला, झाड औषधालाही नव्हतं, खालपासून वरपर्यंत घराला घर चिकटलेलं. आमची खोली वरच्या अंगाला. वर पत्रे, खाली शहाबादी फरशी, एका कोपऱ्यात मोरी आणि मोरीच्या कट्ट्यावर आईचा स्टोव्ह. पहाटे आधी खालच्या नळावर कळशांची आदळआपट सुरू व्हायची, मग घराघरांतून स्टोव्हला पंप मारल्याचे आवाज यायचे, आणि सातच्या सुमारास कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागायच्या. त्या आमच्या ओळीतली सगळी घरं फुकटात ऐकायची. शनिवारी आई मसाला भाजायला काढायची. मिरच्या तव्यावर पडल्या की शेजारपाजारची माणसं खोकत बाहेर यायची आणि बाहेर उभी राहून विचारायची, ‘काय वैनी, आज काय बेत?’ बेत ठरलेला असायचा. सुकं खोबरं आणि कांद्याचं वाटण, त्यात बांगडा मिळाला तर बांगडा, नाहीतर शेवग्याच्या शेंगा. इतर दिवशी कुळथाची पिठी आणि उकड्या तांदळाचा भात. आजही मला कुठे बरं वाटेनासं झालं की पिठीच लागते. माझ्या सुनेला ती जमते, हे मात्र कबूल केलं पाहिजे.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा मी शाळेत होते. त्यानंतरचे काही महिने ते नुसते दाराच्या उंबऱ्यावर बसलेले मला आठवतात. मग मुलुंडला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. माणूस मुळात बोलका, पण गिरणी गेल्यापासून घरात त्यांचा आवाज कमी झाला होता. घरात बोलायचे ते मालवणीतच. आम्हा मुंबईच्या पोरांना मालवणी समजायची सगळी, पण उत्तर द्यायचो आमच्या मुंबईच्या भाषेत. ह्या कंपनीतल्या एका साहेबाने अण्णांना सांगितलं होतं, आमची टेलिफोन ऑपरेटर रिटायर होतेय, तुमच्या मुलीला ऑपरेटरचा कोर्स करायला लावा, मी तिला चिकटवून घेतो. अण्णांसाठी हा देवानेच धाडलेला निरोप होता. मुलगी पंख्याखाली बसणार, उन्हातान्हात हिंडायचं नाही, कपडे स्वच्छ. आमच्या गावचा गुणाकाका दोन घरं सोडून राहायचा. तो तर येता-जाता कानाला ताटली लावून ‘हॅलो, गुड मॉर्निंग’ म्हणून मला चिडवायचा. कोर्सची नवी बॅच नाताळानंतर बसायची होती. तिला बसायचं म्हणजे कॉलेज सोडायचं.

आणि मला कॉलेज सोडायचं नव्हतं. मला मराठी घेऊन बी.ए. करायचं होतं. हे घरी पहिल्यांदा बोलले तेव्हा अण्णांनी भाताचा घास ताटात ठेवला आणि विचारलं, ‘मराठी? ता तर तुका येताच मां?’

‘येणं वेगळं आणि शिकणं वेगळं, अण्णा.’

‘येता ता कित्याक शिकूचा? उद्या म्हणशीत, माका चालूक शिकवा.’

गुणाकाका तिथेच बसला होता, त्याने मोठ्याने हसून घेतलं. मी पाय आपटत बाहेर गेले. पण खरं सांगायचं तर अण्णांच्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हतं. येतं ते शिकायचं कशाला, ह्याचं उत्तर मला कॉलेजात मिळेल असं वाटत होतं, आणि कॉलेजात तर वेगळीच गंमत चालली होती.

आमच्या वेळी कवितेचा अर्थ लिहायची एक ठरलेली पद्धत होती. ‘प्रस्तुत कवितेत कवीने’ असं म्हणून सुरुवात करायची, मग कवितेत जे जे काही दिसेल त्याच्यापुढे ‘हे प्रतीक आहे’ लिहायचं. पक्षी दिसला, स्वातंत्र्याचं प्रतीक. दिवा दिसला, आशेचं. रस्ता, जीवनाचा. कवीने साधी बादली लिहिली असती तरी आम्ही तिला कशाचं ना कशाचं प्रतीक करून सोडलं असतं. मी ह्या विद्येत पटाईत होते. आम्हाला कविता शिकवायला कारखानीस सर होते. मुलुंडचे, तीन पिढ्या तिथेच राहिलेले, पांढरीशुभ्र पँट, शर्टाला खडूचा डाग नाही. कधी आवाज चढवायचे नाहीत. फक्त एक शब्द बोलायचे, ‘पुरावा?’ तुम्ही काहीही म्हणा, सर म्हणणार, ‘पुरावा? कवितेत दाखव.’ आमच्या वर्गात त्यांना पाठीमागे ‘पुरावेसाहेब’च म्हणायचे. तो शब्द मी पुढे आयुष्यभर वापरला, तेव्हा माझ्याही पाठीमागे पोरं काय म्हणत असतील ते म्हणोत.

तर एके दिवशी सरांनी ती कविता फळ्यावर लिहिली. कवी काही नावाजलेला नव्हता, कुठल्याशा मासिकात सरांना सापडला होता. सहाच ओळी.

मी कातळावर टाकले माझे बियाणे
मी आभाळाला विचारले, ते कोरडे
मी आडात वाकलो, तो कोरडा
मी उपाशी निजलो, मी उपाशी उठलो
मी म्हणालो, अजून मी आहे
कातळ म्हणाला, अजून कोण?

सरांनी अर्थ सांगितला. सुंदर सांगितला, उगाच नावं ठेवणार नाही. म्हणाले, ही एकटेपणाची कविता आहे. गावातल्या माणसाचं सगळं जातं, पीक, पाऊस, पाणी, अन्न, आणि शेवटी हातात उरतो तो फक्त ‘मी’. तो ‘मी’ सुद्धा जगाला पुरेसा वाटत नाही. कातळ म्हणजे हे निर्विकार जग. ते विचारतं, अजून कोण? आणि उत्तर येत नाही, कारण अजून कुणीच नाही. पोरींनी भराभर लिहून घेतलं, कातळ बरोबर जग, बियाणे बरोबर आशा, आड बरोबर मन. मी मात्र पेन खाली ठेवलं. मला ते पटेना. का पटेना ते सांगता येईना, पण माझं डोकं असं आहे की पटलं नाही की मी गप्प बसू शकत नाही. मी हात वर केला.

‘सर, हा एकटा नाहीये.’

‘पुरावा?’

पुरावा माझ्याकडे नव्हता. सर म्हणाले, ‘सापडला की सांग. घाई नाही.’ त्यात टोमणा नव्हता, पण मला तो टोमण्याहून झोंबला.

पुढचा आठवडा मी ती कविता घरभर म्हणत फिरले. आईला ऐकवली. ती पिठीला फोडणी देत होती. ‘उपाशी निजलो, उपाशी उठलो’ ऐकल्यावर तिला त्याच्या बायकोची काळजी पडली, ‘बायल खंय गेली तेची?’

‘आई, कविता आहे ती.’

‘मगे कवितेतल्या माणसाक बायल नसता? शेजारी नसतत? कोणी पेज तरी हाडून दिल्यान असती.’ तिने मला बाजूला सारलं आणि भाताकडे वळली. आईने ते सहज म्हटलं आणि विसरलीही. माझ्या मात्र डोक्यात ते घुमायला लागलं. खरंच की, गावात कोण एकटं उपाशी राहतं? दुष्काळ येतो तो सगळ्या वाडीवर येतो. आणि आड? आड गावाचा असतो. तो आटला तर एकटा हाच तहानलेला कसा राहील?

म्हणजे अडचण उपाशी राहण्यात नव्हती, अडचण होती त्या ‘मी’ मध्ये. सगळे उपाशी असताना हा एकटाच ‘मी, मी’ का करतोय? आणि ह्याचं उत्तर मला सापडलं तेही आमच्याच घरांच्या ओळीत. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

आमच्या गावच्या मुंबईकर मंडळींची दरवर्षी सत्यनारायणाची पूजा असायची, मार्गशीर्षात. पूजा झाली की गाऱ्हाणं घालायचं. कोकणाबाहेरच्या वाचकाला सांगते, गाऱ्हाणं म्हणजे देवाला केलेली विनवणी, पण एकट्याची नाही. एक माणूस पुढे उभा राहतो, हात जोडतो आणि सगळ्यांच्या वतीने बोलतो. बाकीचे मागे उभे असतात, आणि त्याने एकेक मागणं सांगून श्वास घेतला की सगळे एकदम म्हणतात, ‘व्हय म्हाराजा!’ आमच्याकडे गाऱ्हाणं अण्णा घालायचे. घरात न बोलणारा माणूस तिथे असा काही लागायचा की अंगावर काटा यायचा. ‘बा देवा म्हाराजा, ही तुझी लेकरां पोटासाठी ह्या डोंगरार येवन ऱ्हवली हत...’ ‘व्हय म्हाराजा!’ ‘कोणाची नोकरी गेली आसात, तेका कामधंदो दी...’ ‘व्हय म्हाराजा!’ आणि ती सवय आमच्या माणसांच्या इतकी हाडीमाशी मुरलेली की कुणी समोर उभा राहून शेवट जरा उचलून बोलला आणि थांबला की ह्यांच्या तोंडातून ‘व्हय म्हाराजा’ गेलंच. निवडणुकीला एक उमेदवार डोंगरावर भाषण करायला आला होता. तो म्हणाला, ‘इथे पाणी नाही, रस्ता नाही, दिवा नाही...’ आणि टाळ्यांसाठी थांबला. गुणाकाका हात जोडून म्हणाला, ‘व्हय म्हाराजा!’ उमेदवाराला वाटलं थट्टा करतायत. त्याचे पुढे वांधेच झाले.

त्या वर्षीच्या पूजेत मी मागे उभी राहून अण्णांचं ऐकत होते आणि मला एकदम गिरणी गेली त्या वर्षीचं गाऱ्हाणं आठवलं. तेव्हाही अण्णा हेच म्हणाले होते, ‘कोणाची नोकरी गेली आसात.’ कोणाची कसली? त्यांचीच गेली होती! सकाळी उंबऱ्यावर बसून असलेला माणूस संध्याकाळी देवापुढे स्वतःचं दुखणं कुणा तिऱ्हाइताचं असल्यासारखं सांगत होता, आणि मागे उभे असलेले अर्धेअधिक तसेच नोकरी गेलेले, तेही गळा काढून ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. मला तिथेच रडू आलं. आईला वाटलं धुपाचा धूर गेला डोळ्यांत. आणि रडता रडताच मला कविता कळली. अण्णा स्वतःचं ‘कोणाचं तरी’ म्हणून सांगत होते. तो कवी कोणाकोणाचं ‘मी’ म्हणून सांगत होता. पुढे उभा एकच, पण तो एकट्याचं बोलतच नाही. आणि शेवटी कातळ जे विचारतो, ‘अजून कोण?’, ते मागच्यांसाठी आहे.

सोमवारी मी सरांना स्टाफरूमच्या दारात गाठलं आणि एका दमात सगळं ओकले. सर ऐकत राहिले. मग म्हणाले, ‘आडाचा पुरावा चांगला आहे. गाऱ्हाण्याचा कवितेत नाही, तुझ्या घरात आहे.’

‘सर, पण कविता म्हणून बघा ना तशी. प्रत्येक ओळीनंतर तसंच थांबावं लागतं.’

‘मग म्हणून दाखव. इथे नाही.’ मुलुंडच्या एका वाचनालयात रसग्रहणाची स्पर्धा होती. आपल्या आवडीची कविता म्हणायची आणि तिचा अर्थ उलगडून सांगायचा. सरांनी माझं नाव दिलं. जो अर्थ त्यांना स्वतःला मान्य नव्हता, तोच घेऊन त्यांनी मला पाठवलं. असे मास्तर मी पुढे फार थोडे पाहिले.

मी घरी येऊन जाहीर केलं की रविवारी माझी स्पर्धा आहे, आणि अण्णांनी ती ऐकायला यायचं. येतं ते शिकायचं कशाला ते तिथे कळेल. अण्णांनी आधी हातपाय धुऊन घेतले. मग म्हणाले, ‘नंबर काढतलंस?’

‘काढणार.’

‘काढलंस तर शीक. नाय काढलंस तर नाताळानंतर क्लासाक बसायचा. कबूल?’

मी म्हटलं कबूल. आई म्हणाली, ‘गो बाय, इचार करून बोल.’ पण मी विचार करून बोलणाऱ्यातली नव्हतेच कधी, आणि मला पहिला नंबर माझाच दिसत होता.

रविवारी अण्णा लग्नाकार्याला घालायचा पांढरा शर्ट घालून आले, बरोबर गुणाकाका, तोही केस चापून. सभागृह लहानसंच, समोर टेबलामागे तीन परीक्षक, दोघे पुरुष आणि एक बाई. सुरुवातीलाच घोषणा झाली की श्रोत्यांनी मध्ये काही बोलू नये, स्पर्धकाला सुचवू नये, तसं झाल्यास स्पर्धक बाद. माझ्या आधीच्या पोरांनी फुलं, चंद्र, माता असं सगळं म्हणून घेतलं. एकाने तर बोलता बोलता घाम पुसायला खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर कॉपीची चिठ्ठी खाली पडली. माझं नाव आलं. मी उभी राहिले. भीती? अजिबात नाही. मला एवढंच ठाऊक होतं की कविता जशी म्हटली पाहिजे तशी म्हणायची.

मी हात जोडले नाहीत, पण आवाज अण्णांचा लावला. शेवट उचलून, मग थांबून. ‘मी कातळावर टाकले माझे बियाणे...’ थांबले. ‘मी आभाळाला विचारले, ते कोरडे...’ थांबले. ‘मी आडात वाकलो, तो कोरडा...’ तिसऱ्या रांगेत काहीतरी चुळबुळ झाली. ‘मी उपाशी निजलो, मी उपाशी उठलो...’

‘व्हय म्हाराजा!’

अण्णांचा आवाज, खणखणीत. त्याला लागूनच गुणाकाकाचा. आणि मागून कुठूनतरी, देवाशपथ सांगते, आणखी दोघातिघांचा, जे आमच्या ओळखीचेही नव्हते. क्षणभर कुणाला काही कळेना. मग सगळं सभागृह हसायला लागलं. एका परीक्षकाने टेबलावरची घंटा दाबली. अण्णांनी स्वतःच्या तोंडावर हात धरला होता. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला त्यांच्याकडे बघवेना. मला राग आला, हसणाऱ्यांचा, घंटेचा, आणि हो, अण्णांचाही. वाट लागली होती सगळी. पण मी खाली बसले नाही. हसू ओसरेपर्यंत उभी राहिले आणि उरलेल्या दोन ओळी म्हटल्या. ‘मी म्हणालो, अजून मी आहे. कातळ म्हणाला, अजून कोण?’ आणि मग परीक्षकांकडे बघून म्हटलं, ‘आत्ता तुम्ही जे ऐकलंत, तोच माझा पुरावा.’

पुढे मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवत नाही. एवढं आठवतं की मी प्रतीक हा शब्द एकदाही वापरला नाही. मी सांगितलं की आमच्याकडे दुखणं एकटं मांडायची रीत नाही. जो पुढे उभा राहतो त्याच्या तोंडून सगळ्यांची भूक बोलते, आणि ऐकणाऱ्याला ती आपली वाटली की त्याच्याच्याने गप्प राहवत नाही. ह्या सभागृहात नियम सांगूनही राहवलं नाही. ज्या कवितेला अनोळखी माणसं ओ देतात, तिच्यातला ‘मी’ एकटा कसा असेल? परीक्षक बाई पुढे वाकून ऐकत होत्या. शेवटी टाळ्या पडल्या, चांगल्या पडल्या. मला वाटलं, जिंकले.

निकाल लागला तेव्हा माझं नाव कुठेच नव्हतं. पहिल्या तिघांत नाही, उत्तेजनार्थातही नाही. मुख्य परीक्षकांनी उभं राहून खुलासा केला की एका स्पर्धकाचं विवेचन उत्तम होतं, परंतु साथ देणारी माणसं श्रोत्यांत आधीच आणून बसवलेली दिसत असल्याने नियमाप्रमाणे बाद करावं लागलं. आणून बसवलेली! कारखानीस सर मागे होते, ते उठून म्हणाले, ‘तसं नाही, मी ह्या मुलीला ओळखतो.’ परीक्षक म्हणाले, नियम तो नियम. मग सर माझ्याजवळ आले. ‘तुझा अर्थ मला अजून पटलेला नाही,’ ते म्हणाले, ‘पण आज तो उभा राहिला होता, हे मी पाहिलं.’ मी मान हलवली. नाताळ तोंडावर आला होता आणि मी शब्द देऊन बसले होते.

बसमध्ये गुणाकाका खिडकीशी, मी आणि अण्णा मागच्या बाकावर. भांडुप येईपर्यंत अण्णा बसचं तिकीट बोटांत गुंडाळत बसले. मला वाटलं, आता माफी मागतील, आणि ती ऐकायची माझी तयारी नव्हती. आपल्याच बापाने आपला नंबर घालवला आणि आता त्यालाच धीर द्यायचा, हे जरा जास्तच होत होतं. मी बाहेर बघत राहिले. मग अण्णा घसा खाकरून म्हणाले, ‘पण तो एकटोच आसा.’

‘कोण?’

‘तुझो तो कातळावरचो.’

मी वळून त्यांच्याकडे बघितलं. ‘एकटा कसा? तुम्हीच तर ओ दिलीत!’

‘मी दिलंय. मी मुलुंडात बसललंय. तेच्या गावात कोणी दिल्यान?’ अण्णा बोट नाचवत बोलायला लागले. ‘कातळान इचारल्यान, अजून कोण? फुडे काय लिवलेला आसा? कायच नाय. कोणी व्हय म्हटला असता, तर तो कविता कित्याक लिवीत बसलो असतो? गाऱ्हाणा घालून घराक जेवाक गेलो असतो.’

‘अहो, हे तर सरांचंच म्हणणं झालं!’

‘मगे सर शाणो माणूस आसा.’

मी जी भडकले, ती भडकलेच. म्हटलं, आडाचं काय? आड गावाचा असतो की नाही? अण्णा म्हणाले, असतो, पण वाकून बघायला हा एकटाच गेला ना, बाकीचे कुठे होते? मी म्हटलं, बाकीच्यांनीच त्याला पुढे धाडलं. अण्णा म्हणाले, धाडलं असतं तर त्याने आमी म्हटलं असतं. मी म्हटलं, तुम्ही गाऱ्हाण्यात आमी म्हणता का? अण्णा एवढ्यावर पुढच्या बाकाची दांडी धरून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, ‘मी देवाक सांगतंय. तो दगडाक सांगता. फरक आसा.’ गुणाकाका मागे वळून ‘अरे, काय चल्लाहा?’ म्हणून विचारत राहिला, पण आमचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. घाटकोपरला उतरलो तरी आमचं चालूच. डोंगराच्या पायऱ्या चढताना अण्णांना धाप लागायची, एरवी ते मध्ये दोनदा बसायचे. त्या दिवशी ते थांबायचे ते फक्त माझ्या तोंडावर काहीतरी नवीन फेकायला. गिरणी गेल्यापासून एवढं सलग बोलताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. आणि मी सांगते, ते चुकत होते. आजही माझं तेच म्हणणं आहे. पण इतकी चांगली चूक करणारा माणूस मला पुढे वर्गात किंवा स्टाफरूममध्ये भेटला नाही.

आई दारातच उभी होती. आमचे चढलेले आवाज तिने खालपासून ऐकले असणार. तिने माझा चेहरा बघितला आणि ओळखलं. ‘नंबर नाय इलो?’

‘नाय,’ अण्णा म्हणाले आणि चपला काढायला लागले.

आईने पदराला हात पुसले. ती अण्णांकडे बघेना, माझ्याकडेही बघेना. ‘मगे त्या साहेबाक काय सांगूचा? नाताळानंतर क्लासाक जायत मां ही?’

शब्द मी दिला होता. अण्णांनी माठातलं पाणी घेतलं, सगळा तांब्या संपवला, आणि तोंड पुसत पुसत म्हणाले,

‘खंयचो क्लास? हिका अजून एक कविता धड कळणा नाय. शिकांदे तिका.’